वेबसाइट आणि डेटाबेसमधलं कनेक्शन तुटतंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेटिंग आणि कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. फाइलमध्ये टाइप करताना शब्दांच्या मध्ये बहुतेक ठिकाणी अंडरस्कोर येतो, तेवढं ध्यानात ठेवा. आकडे मुख्यतः मायएसक्यूएल या डेटाबेसचे आहेत. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसचं वेगळं असेल तिथे तसं सांगितलंय.

साइटवर ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’ दिसतंय. सगळा डेटा गेला का?

बहुतेक वेळा नाही. वर्डप्रेसला डेटाबेसपर्यंत पोचता आलं नाही, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. पासवर्ड चुकला असेल, सर्व्हर बंद असेल किंवा कनेक्शनच्या सगळ्या जागा भरल्या असतील, तरी पाहुण्याला हेच वाक्य दिसतं. खरं कारण लॉगमध्ये, म्हणजे घडामोडी लिहून ठेवणाऱ्या फाइलमध्ये, असतं.

घाईघाईने बॅकअप रिस्टोर मात्र करू नका. एका ठिकाणी मी हे झालेलं पाहिलंय. डेटाबेस ठणठणीत होता, कुणीतरी फक्त पासवर्ड बदलला होता. पण साइट बंद पाहून एकाने दोन दिवसांपूर्वीचा बॅकअप वर चढवला आणि मधल्या दोन दिवसांच्या नोंदी स्वतःच्या हाताने पुसल्या.

शोध कुठून सुरू करू?

घड्याळापासून. ‘कनेक्शन का तुटतं’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ‘किती सेकंदांनी तुटतं’ ते मोजा. वेबसाइट आणि डेटाबेसच्या मध्ये बसलेल्या प्रत्येक घटकाची सहनशक्ती वेगळी असते, आणि ती बहुतेक ठिकाणी एका ठरावीक आकड्यात लिहिलेली असते. तो आकडा हाती आला की कुणी तोडलं ते निम्मं कळलंच म्हणायचं.

ढोबळमानाने तीन प्रकार पडतात: कनेक्शन मुळात जुळलंच नाही, जुळलं, पण रिकामं बसलेलं असताना गेलं, किंवा क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा किंवा दिलेला हुकूम) चालू असताना मध्येच तुटलं. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. ‘डेटाबेस मधूनमधून जातो’ एवढ्या वर्णनावर कुणालाच काही करता येत नाही.

लॉगमध्ये एरर नंबर आहे. त्यावरून काय समजायचं?

पुष्कळ काही समजतं. नंबर १०४५ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलात, पण युजरनेम किंवा पासवर्ड पटला नाही. हा नेटवर्कचा दोष नव्हे, त्यामुळे फायरवॉल तपासत बसू नका. १०४० म्हणजे जागा भरल्या. २००३ म्हणजे दिलेल्या पत्त्यावर आणि पोर्टवर पोचताच आलं नाही (मायएसक्यूएलचा पोर्ट सहसा ३३०६, पोस्टग्रेसचा ५४३२). २००२ बहुधा त्याच मशीनवरच्या सॉकेट फाइलशी (एकाच मशीनवरचे प्रोग्राम जिच्यातून एकमेकांशी बोलतात तिच्याशी) संबंधित असतो.

खरी गल्लत २००६ आणि २०१३ यांत होते. २००६, म्हणजे ‘सर्व्हर हॅज गॉन अवे’: तुम्ही क्वेरी पाठवायला गेलात तेव्हा कनेक्शन आधीच मेलेलं होतं. २०१३, म्हणजे ‘लॉस्ट कनेक्शन ड्युरिंग क्वेरी’: क्वेरी गेली, पण उत्तर पूर्ण यायच्या आत दुवा तुटला. पहिल्यात रिकाम्या वेळेवर संशय घ्या. दुसऱ्यात क्वेरी किती वेळ चालते ते बघा, किंवा सर्व्हर मध्येच पडला का ते तपासा. नियम अगदी काटेकोर नाही, लायब्ररीगणिक थोडा फरक पडतो, पण सुरुवात करायला पुरेसा आहे.

मायएसक्यूएल ८.०.२४ पासून आणखी एक सोय झाली आहे. निष्क्रिय राहिल्यामुळे सर्व्हरने कनेक्शन बंद केलं असेल तर तो तसं कारण कळवतो आणि ते समजणाऱ्या क्लायंटला ४०३१ हा नंबर दिसतो. तो दिसला तर निम्मा शोध वाचला.

रात्रभर साइटवर कुणी येत नाही. सकाळी पहिल्याच माणसाला एरर येते, रिफ्रेश केलं की सगळं सुरळीत. असं का?

मायएसक्यूएलमध्ये वेट टाइमआउट नावाची सेटिंग आहे. तिची मूळ किंमत २८,८०० सेकंद, म्हणजे बरोबर ८ तास. तेवढा वेळ कनेक्शनवर काहीच हालचाल झाली नाही तर सर्व्हर ते बंद करतो. तुमच्या ॲप्लिकेशनला याचा पत्ता नसतो. ते कनेक्शन अजून जिवंत आहे असं समजून सकाळी तेच वापरायला जातं आणि तोंडघशी पडतं. रिफ्रेश केल्यावर नवं कनेक्शन उघडतं, म्हणून दुसऱ्या वेळी चालतं.

हे साध्या पीएचपी पानात सहसा घडत नाही, कारण तिथे प्रत्येक विनंतीला नवं कनेक्शन उघडतं आणि पान संपलं की मिटतं. घडतं ते जिथे कनेक्शन धरून ठेवलं जातं तिथे: जावा, पायथन किंवा नोडमधला कनेक्शन पूल (पुन्हा पुन्हा वापरायला उघडी ठेवलेली कनेक्शन), पर्सिस्टंट कनेक्शन, किंवा रांगेतली कामं उरकत दिवसरात्र चालणारा क्यू वर्कर. पीएचपीवाल्यांनी पानं सोडून आधी क्यू वर्कर तपासावा.

एक फसवी जागा सांगून ठेवतो. टर्मिनलवरच्या मायएसक्यूएल क्लायंटमध्ये जाऊन वेट टाइमआउट विचारलंत तर उत्तर दिशाभूल करू शकतं. ते सत्र ‘इंटरॅक्टिव्ह’ असल्यामुळे तिथे इंटरॅक्टिव्ह टाइमआउटची किंमत लागू झालेली असते. वेबसाइटला काय लागू आहे ते हवं असेल तर ‘शो ग्लोबल व्हेरिएबल्स’ असं ग्लोबल शब्द घालूनच विचारा. यात माझा एक अख्खा दिवस गेलेला आहे.

मग वेट टाइमआउट वाढवून टाकला तर?

नको. त्याने मेलेली आणि विसरलेली कनेक्शन आणखी जास्त वेळ जागा अडवून बसतील, आणि आज ८ तासांनी येणारी एरर उद्या सुट्टीनंतर येईल. उलट बाजूने जा: ॲप्लिकेशननेच आपलं कनेक्शन सर्व्हरच्या आधी निवृत्त करावं. जावाच्या हिकारी पूलमध्ये मॅक्स लाइफटाइम (एक कनेक्शन जास्तीत जास्त किती वेळ वापरायचं) मुळातच ३० मिनिटं असतो. तो सर्व्हरच्या आणि मधल्या नेटवर्कच्या मर्यादेपेक्षा काही सेकंद तरी कमी ठेवायचा. पायथनच्या एसक्यूएल अल्केमीत त्यासाठी पूल रिसायकल (जुनं कनेक्शन बदलणं) आणि पूल प्री पिंग (वापरण्याआधी ते जिवंत आहे का बघणं) आहेत. जँगोमध्ये कॉन मॅक्स एज (कनेक्शन किती सेकंद धरून ठेवायचं) शून्य असेल, आणि मुळात ते शून्यच असतं, तर हा प्रश्नच येत नाही. वाढवलं असेल तर ४.१ आवृत्तीपासून आलेली कॉन हेल्थ चेक्स ही सेटिंग चालू करा.

आमचं ८ तासांनी नाही, काही मिनिटांतच तुटतं. आणि डेटाबेसच्या लॉगमध्ये चकार शब्द नाही.

लॉग गप्प आहे हा एक इशारा समजा, पक्का पुरावा नव्हे. सर्व्हरने बहुधा तोडलेलं नाही. मधल्या कुणीतरी तोडलं असावं. फायरवॉल, नॅट गेटवे (आतल्या मशीनांना बाहेर पोचवणारा दरवाजा), लोड बॅलन्सर (विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटणारा) हे सगळे चालू कनेक्शनांची यादी ठेवतात आणि ज्यावर बराच वेळ एकही पॅकेट गेलं नाही ते यादीतून काढून टाकतात. एडब्ल्यूएसच्या नॅट गेटवेची ही मर्यादा ३५० सेकंद आहे. ॲझ्युअरच्या लोड बॅलन्सरची मूळ मर्यादा ४ मिनिटं.

माझ्याकडे आलेलं एक प्रकरण सांगतो. एक रिपोर्ट बनवणारं काम होतं. ते डेटाबेसमधून आकडे घ्यायचं, पीडीएफ फाइली तयार करायचं आणि शेवटी ‘काम पूर्ण’ अशी एक नोंद टाकायचं. महिनाभर सुरळीत, महिनाअखेरीला हमखास २००६. सगळ्यांचं मत एकच: महिनाअखेरीला लोड वाढतो. म्हणून सर्व्हर मोठा करून झाला, काही फरक पडला नाही. शेवटी एक दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली: कनेक्शन उघड, ‘सिलेक्ट १’ चालव, ६० सेकंद गप्प बस, पुन्हा ‘सिलेक्ट १’. मग १२० सेकंद, १८०, २४०. तिथपर्यंत ठीक. ३३० सेकंदांना मेलं. पुन्हा चालवलं, पुन्हा ३३० ला मेलं. २९० ला कधीच नाही. मधल्या फायरवॉलची मर्यादा ५ मिनिटं निघाली.

एरवी पीडीएफ बनायला दोन-तीन मिनिटं लागायची. महिनाअखेरीला फाइली जास्त, म्हणून सहा-सात मिनिटं, आणि तेवढा वेळ डेटाबेसचं कनेक्शन नुसतंच हातात धरून ठेवलेलं. लोड वाढल्यामुळे नव्हे, उलट कनेक्शनवर काहीच न घडल्यामुळे ते तुटत होतं! उपाय एका ओळीचा होता: आकडे घेतल्यावर कनेक्शन सोडून द्यायचं आणि शेवटच्या नोंदीसाठी नवं उघडायचं.

ही स्क्रिप्ट प्रत्येकाने एकदा तरी चालवावी, आणि ती वेबसाइटच्याच सर्व्हरवरून. स्वतःच्या लॅपटॉपवरून चालवली तर मधला रस्ता वेगळा असतो.

टीसीपी कीपअलाइव्ह चालू आहे, तरी तुटतं. कसं काय?

कीपअलाइव्ह म्हणजे रिकाम्या कनेक्शनवर ‘अजून आहात ना?’ असं विचारणारं छोटं पॅकेट. चालू असेलही, पण लिनक्सवर पहिला कीपअलाइव्ह जातो तो मुळात ७,२०० सेकंदांनी, म्हणजे २ तासांनी. त्यापुढे दर ७५ सेकंदांनी ९ प्रयत्न. ५ मिनिटांच्या फायरवॉलपुढे २ तासांचा कीपअलाइव्ह काय कामाचा? टीसीपी कीपअलाइव्ह टाइम मर्यादेच्या आत आणा. ३५० सेकंदांची मर्यादा असेल तर १२० सेकंद मला सोयीचं वाटतं. पोस्टग्रेसमध्ये हे कनेक्शनपुरतंही ठरवता येतं.

एरर येत नाही. पान नुसतं गोल फिरत राहतं आणि खूप वेळाने मरतं. हाही तोच प्रकार का?

बऱ्याचदा हो, फक्त जास्त त्रासाचा. काही मधली उपकरणं कनेक्शन विसरल्यावर नंतर आलेल्या पॅकेटला ‘रीसेट’ पाठवतात, त्यामुळे एरर लगेच मिळते. काही मात्र पॅकेट मुकाट्याने टाकून देतात. मग लिनक्स तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतं आणि मूळ सेटिंगनुसार हार मानायला साधारण १५ मिनिटं घेतं. वरच्या थराला तेवढा वेळ काहीच कळत नाही. म्हणून कनेक्ट टाइमआउट आणि रीड टाइमआउट दोन्ही ॲप्लिकेशनमध्ये स्वतः लिहून द्या. पुष्कळ ड्रायव्हरांत रीड टाइमआउट मुळात नसतोच, म्हणजे ‘उत्तर येईपर्यंत वाट बघ, जन्मभर’.

‘टू मेनी कनेक्शन्स’ येतंय. साइटवर तर फारशी गर्दी नाही.

मायएसक्यूएलची मूळ मर्यादा १५१ कनेक्शनांची, पोस्टग्रेसची १००. पोस्टग्रेसमध्ये त्यातल्या ३ सुपरयुजरसाठी राखीव. या आकड्यांपुढे स्वतःचा हिशोब मांडून बघा: ४ वेब सर्व्हर, प्रत्येकावर ८ प्रोसेस, प्रत्येक प्रोसेसमध्ये १० कनेक्शनांचा पूल. झाले ३२०. गर्दी नसतानाही. पूलचा आकडा प्रोसेसपुरता असतो, सगळ्या साइटचा मिळून नाही, हे फार जणांच्या लक्षातच येत नाही.

हिशोब बरोबर असेल आणि तरी जागा भरत असतील तर ‘शो प्रोसेसलिस्ट’ चालवा. जागा भरल्यावर आत शिरता येत नाही असं वाटेल, पण मायएसक्यूएल प्रशासकासाठी एक जास्तीची जागा राखून ठेवतो. (म्हणूनच वेबसाइटला प्रशासकाचे अधिकार देऊ नयेत. दिले तर ती शेवटची जागासुद्धा वेबसाइटच खाते.) यादीत दोनपैकी एक चित्र दिसेल. बहुतेक ओळी ‘स्लीप’मध्ये असतील आणि वेळेचे आकडे हजारांत असतील, तर कोड कनेक्शन उघडून परत करायला विसरतोय. बहुधा एरर आल्यावर ज्या वाटेने बाहेर पडतो तिथे. बहुतेक ओळी एकाच क्वेरीत अडकलेल्या असतील, तर एखादी संथ क्वेरी किंवा लॉक बाकीच्यांना रांगेत उभं करतोय. तिथे कनेक्शन वाढवल्याने फक्त रांग लांबते. क्वेरी संथ असेल तर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) घालायला हवा.

मर्यादा सरळ १,००० करू का?

रॅम मोजून करा. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनमागे एक स्वतंत्र प्रोसेस उभी राहते, मायएसक्यूएलमध्ये थ्रेड. फुकट काहीच नाही. खरोखर इतकी कनेक्शन लागत असतील तर पोस्टग्रेससमोर पीजी बाउन्सर किंवा मायएसक्यूएलसमोर प्रॉक्सी एसक्यूएल (मोजक्या कनेक्शनांवर अनेकांची कामं भागवणारे मध्यस्थ) बसवा. पीजी बाउन्सर ट्रॅन्झॅक्शन मोडमध्ये चालवलात तर सत्रभर टिकणाऱ्या गोष्टी, म्हणजे सेशन सेटिंग, तात्पुरते टेबल, ॲडव्हायझरी लॉक, भरवशाच्या राहत नाहीत. आधी कोड तपासा, मग बसवा.

दिवसातून एकदोनदा सगळीच कनेक्शन एकदम तुटतात आणि मिनिटभरात आपोआप ठीक होतं.

बहुधा डेटाबेस सर्व्हरच रीस्टार्ट होतोय. खात्री करायला ‘अपटाइम’ हा स्टेटस बघा. तो सेकंदांत असतो. महिनाभर हात न लावलेल्या सर्व्हरचा अपटाइम ४,००० निघाला तर तो तासाभरापूर्वीच उठलाय.

लहान सर्व्हरवर वेबसाइट आणि डेटाबेस एकत्र नांदत असले की नेहमीचा गुन्हेगार म्हणजे मेमरी. रॅम संपली की लिनक्सचा ओओएम किलर एखादी प्रोसेस बळी देतो, आणि डेटाबेसने सगळ्यात जास्त मेमरी धरलेली असल्यामुळे बहुधा तोच निवडला जातो. कर्नलच्या लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस’ अशी ओळ सापडते. गंमत अशी की मेमरी फुगवणारा बहुतेक वेळा डेटाबेस नसतोच. पीएचपी एफपीएमचे मॅक्स चिल्ड्रन (पानं चालवणारे वर्कर जास्तीत जास्त किती) कुणीतरी सढळ हाताने वाढवून ठेवलेले असतात. ते कमी करा. एकेका वर्करला किती मेमरी लागते ते मोजून गुणाकार करा. डिस्क भरली आहे का तेही बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

फक्त मोठी फाइल साठवताना किंवा इंपोर्ट करताना तुटतं.

कारण बहुधा मॅक्स अलाउड पॅकेट, म्हणजे एका खेपेला पाठवता येणाऱ्या डेटाची मर्यादा. मायएसक्यूएल ८.० मध्ये सर्व्हरची मर्यादा ६४ एमबी, ५.७ मध्ये फक्त ४ एमबी होती. त्याहून मोठं पॅकेट आलं की सर्व्हर कनेक्शनच बंद करतो, आणि तुम्हाला कधीकधी नेमक्या कारणाऐवजी नुसतं ‘गॉन अवे’ दिसतं. मर्यादा क्लायंटकडेही असते, दोन्हीकडे वाढवा. फोटो आणि व्हिडिओ मुळात डेटाबेसमध्ये कोंबायचे का, यावर माझं मत ‘नाही’ असं आहे, पण तो वेगळा वाद.

लोकलहोस्ट लिहिलं तर चालत नाही, १२७.०.०.१ लिहिलं तर चालतं. दोन्ही एकच ना?

लिनक्सवरच्या मायएसक्यूएलसाठी नाही. लोकलहोस्ट म्हटलं की क्लायंट युनिक्स सॉकेट फाइल शोधतो, १२७.०.०.१ म्हटलं की टीसीपीने जातो. सॉकेट फाइलची जागा पीएचपीला एक आणि सर्व्हरला दुसरी माहीत असेल तर २००२ येते. कंटेनरमध्ये (प्रोग्राम चालवायला मशीनवरच केलेली वेगळी बंदिस्त जागा) हे आणखी गोंधळाचं होतं, कारण तिथे लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. डेटाबेस शेजारच्या कंटेनरमध्ये असेल तर त्याच्या सर्व्हिसचं नाव लिहायला हवं.

‘होस्ट इज ब्लॉक्ड’ असं आलं. आम्हाला कुणी ब्लॉक केलं?

मायएसक्यूएलनेच. एका पत्त्यावरून हँडशेक (कनेक्शन जुळवतानाची सुरुवातीची बोलणी) अर्धवट सोडणारे लागोपाठ १०० प्रयत्न झाले की तो त्या पत्त्याला दार बंद करतो. मर्यादेचं नाव मॅक्स कनेक्ट एरर्स. जुन्या आवृत्त्यांत ‘फ्लश होस्ट्स’ने दार उघडायचं; ८.४ मध्ये ती कमांड काढली आहे, तिथे परफॉर्मन्स स्कीमातलं होस्ट कॅश टेबल ‘ट्रंकेट’ करायचं. पण अर्धवट प्रयत्न कोण करतंय ते शोधल्याशिवाय ते पुन्हा बंद होणार. बऱ्याचदा तो लोड बॅलन्सरचा हेल्थ चेक असतो: पोर्ट उघडा आहे का ते बघतो आणि नमस्कार न करताच निघून जातो.

एरर आली की कोडने आपोआप पुन्हा प्रयत्न केला तर काम भागेल ना?

वाचायच्या क्वेरीला भागेल. लिहायच्या क्वेरीत एक भोवरा आहे. समजा ऑर्डर नोंदवली, ‘कमिट’ (बदल पक्के करण्याचा हुकूम) पाठवलं आणि तेवढ्यात कनेक्शन तुटलं. कमिट सर्व्हरपर्यंत पोचलं का? पोचून झालं, पण ‘झालं’ हा निरोप वाटेत हरवला का? ॲप्लिकेशनला दोन्ही सारखंच दिसतं. डोळे मिटून पुन्हा पाठवलं की एका ग्राहकाच्या दोन ऑर्डरी होतात. म्हणून प्रत्येक ऑर्डरला पाठवण्याआधीच एक अनन्य क्रमांक द्या आणि त्या रकान्यावर युनिक की ठेवा. दुसरा प्रयत्न मग डुप्लिकेट म्हणून आपटेल आणि पहिला पोचला होता हे तिथेच कळेल.

ट्रॅन्झॅक्शनच्या (सगळ्या मिळूनच पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या क्वेरींच्या गटाच्या) मध्यावर तुटलं असेल तर शेवटची क्वेरी नव्हे, अख्खं ट्रॅन्झॅक्शन पहिल्यापासून चालवायचं. आणि प्रयत्नांमध्ये अंतर ठेवा: १ सेकंद, २, ४, त्यात थोडा यादृच्छिक कमीजास्तपणा. नाहीतर रीस्टार्ट होऊन नुकत्याच उठलेल्या डेटाबेसवर सगळे वर्कर एकाच क्षणी तुटून पडतात आणि तो पुन्हा आडवा होतो.

फेलओव्हर झाल्यावरही ॲप्लिकेशन जुन्याच सर्व्हरला चिकटून राहतं.

फेलओव्हर म्हणजे एक सर्व्हर पडल्यावर काम दुसऱ्याकडे जाणं. ॲप्लिकेशनने जुना आयपी पत्ता लक्षात ठेवलाय. डीएनएसचा टीटीएल (पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा) कमी करा, आणि जावा वापरत असाल तर जेव्हीएमची स्वतःची डीएनएस कॅश वेगळी तपासा. पूलमधली जुनी कनेक्शन मॅक्स लाइफटाइम संपेपर्यंत बदलत नाहीत, हेही विसरू नका.

होस्टिंगच्या सपोर्टला कळवताना काय लिहू?

‘साइट चालत नाही’ असं लिहिलंत की ‘आमच्याकडून सगळं ठीक आहे’ असं उत्तर ठरलेलं. त्याऐवजी तुटण्याची नेमकी वेळ सेकंदांसकट आणि टाइमझोनसकट द्या. एरर नंबर, कुठल्या सर्व्हरवरून कुठल्या पत्त्याला आणि पोर्टला, आणि तुटण्याआधी कनेक्शन किती सेकंद रिकामं होतं, हेही लिहा. वरच्या स्क्रिप्टचा निकाल जोडा: ‘२९० सेकंदांना दहापैकी दहा वेळा चालतं, ३३० ला दहापैकी दहा वेळा तुटतं.’ शक्य असेल तर दोन्ही टोकांना टीसीपीडंप (येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटांची नोंद ठेवणारं साधन) लावून ठेवा. रीसेट पॅकेट वेबसाइटच्या बाजूला आलेलं दिसतं आणि डेटाबेसच्या बाजूने ते निघालेलंच नाही, हे दोन कॅप्चरमध्ये शेजारी शेजारी दिसलं की तिकीट सपोर्टकडून नेटवर्कवाल्यांकडे जातं.